खुलासा: ॲप बंद पडलं म्हणून स्टॉपलॉस रद्द होत नाही

‘ब्रोकरचं ॲप हँग झालं की लावलेले सगळे स्टॉपलॉस रद्द होतात, लगेच दुसऱ्या खात्यातून उलटा सौदा मारा’ असा मेसेज फिरतोय. (स्टॉपलॉस म्हणजे ठरलेल्या भावाला तोटा थांबवण्यासाठी आधीच लावलेली ऑर्डर.) कृपया असं करू नका. एक्स्चेंजने स्वीकारलेली स्टॉपलॉस ऑर्डर एक्स्चेंजच्याच सिस्टीममध्ये असते. तुमचं ॲप बंद असलं तरी ट्रिगर (तुम्ही ठरवलेला भाव) येताच ती बाजारात जाते. घाईने उलटा सौदा केलात आणि मूळ स्टॉपलॉसही लागला, तर नको ती नवी पोझिशन (उघडा सौदा) अंगावर येते.

ऑर्डर बुकात ‘ट्रिगर पेंडिंग’ आणि एक्स्चेंजचा ऑर्डर नंबर दिसतोय ना, एवढं स्टॉपलॉस लावल्यालावल्या बघून ठेवा. जीटीटीचं (‘गुड टिल ट्रिगर्ड’, म्हणजे ठरलेला भाव येईपर्यंत थांबणारी ऑर्डर) मात्र वेगळं: ती ब्रोकरच्या सर्व्हरवर असते, तोच बसला तर ती जाणारच नाही.

एक्स्चेंजच थांबलं तर कुठलाच स्टॉपलॉस चालत नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई ११.४० ला थांबलं, ते ३.४५ ला सुरू झालं.

एक्स्चेंजच्या ‘इर्रा’वर (इन्व्हेस्टर रिस्क रिडक्शन ॲक्सेस) नवे सौदे घेता येतात, असंही म्हणतात; तेही खोटं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली ही सोय ब्रोकरची यंत्रणा कोलमडल्यावर फक्त पोझिशन काढण्यासाठी आणि पेंडिंग ऑर्डरी रद्द करण्यासाठी आहे. ब्रोकरच्या डीलिंग डेस्कचा (फोनवरून ऑर्डर घेणारा विभाग) नंबर आजच फोनमध्ये सेव्ह करा.