सरकारी लॅबना टाळं ठोका म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

खारघर-पनवेलच्या सोसायटी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. म्हणे सरकारी लॅबनी स्वातंत्र्यानंतर कामाची एकही गोष्ट दिली नाही, नफा शून्य, लॅब बंद करा आणि तो पैसा स्टार्टअपना द्या. वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

एकही गोष्ट नाही? मत दिल्यावर बोटाला लागते ती शाई दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीने तयार केली, १९६२ च्या निवडणुकीपासून चालू आहे. आणि किडीच्या भीतीने अमेरिका कित्येक वर्षं आपला आंबा घेत नव्हती, २००७ मध्ये परत घ्यायला लागली ती बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) लासलगावच्या प्लांटमध्ये आंब्याला गॅमा किरण दिले म्हणून.

आता नफ्याचं. न्यू पनवेलला भूचुंबकत्व संस्था आहे, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करणारी सरकारी संस्था, रोज तिच्या आसपास राहून आपल्यातल्या कितीजणांना ती माहितीये? तिची मुळं कुलाब्याच्या वेधशाळेत, तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घ्यायचे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्या करंटने रीडिंग बिघडणार असं दिसल्यावर तेव्हाचे डायरेक्टर नानाभॉय मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली, बांधकामात लोखंड येऊ दिलं नाही, आणि १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकदम रीडिंग घेतली, का तर जुनी नोंद नव्या नोंदीशी जुळावी. १८५९ मध्ये जे प्रचंड सौर वादळ झालं त्यात कुलाब्याला चुंबकीय क्षेत्रात साधारण १६०० नॅनोटेस्लाची (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण नोंदली गेली, ते वादळ किती मोठं होतं हे ठरवायला जगभरचे शास्त्रज्ञ आजही आपल्या मुंबईचा हा आकडा काढतात, कारण तसं वादळ पुन्हा आलं तर सॅटेलाइट, जीपीएस, विजेची ग्रिड सगळंच धोक्यात. हे इंग्रजांचं काम असं कोणी म्हणेल, पण १९४७ नंतर अलिबागची नोंद चालू ठेवली ती आपल्याच सरकारी पगारावरच्या माणसांनी, १९७१ मध्ये त्याची स्वायत्त संस्था झाली. यातून दरवर्षी नफा किती निघाला हे कोण आणि कसं मोजणार?

राहिला स्टार्टअपचा मुद्दा. कॅन्सरवरची देशी कार-टी थेरपी (पेशंटच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कॅन्सरशी लढायला लावायच्या), २०२३ मध्ये मंजूर झालेली, विकते स्टार्टअपच. पण ती जन्मली आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलमध्ये, आणि २०२१ मध्ये पहिल्या पेशंटला दिली ती आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच कॅन्सर संशोधन केंद्रात. परदेशात कोटींत जाणारी ट्रीटमेंट इथे साधारण दहाव्या हिश्श्यात मिळते. लॅब बंद केल्या तर असे स्टार्टअप निघणार कुठून?

फॉरवर्डमधली एक तक्रार मात्र मला पटते, कामं रखडतात. भरती अडकते, एक मशीन घ्यायचं तर फाइल फिरत बसते, रिसर्च करणाऱ्या पोरांची फेलोशिप महिनोन्‌महिने उशिरा येते. त्या पोरांचे पैसे वेळेवर द्या असा फॉरवर्ड कोणी लिहिला तर मी तो सगळ्या ग्रुपवर टाकीन.