दुपारच्या उन्हात कुठलीही गाडी चालू होते!

'गाडी एकदम ओके आहे साहेब, एका सेल्फमध्ये चालू झाली.' सर्व्हिस सेंटरवाल्याचं हे वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. अरे, दुपारी बाराच्या उन्हात ती चालू होणारच! माझ्या बाईकची तक्रार पहाटे साडेपाचची आहे. जॉब कार्डवर मी स्वतः लिहायला लावलं होतं, 'फक्त सकाळी थंडीत चालू होत नाही.' तरी गाडी तपासायची दुपारीच. रात्रभर इथंच बाहेर उभी ठेवा, सकाळी उघडल्या उघडल्या सेल्फ मारून बघा म्हटलं, तर म्हणे आमच्याकडे तशी पद्धत नाही. मग थंडीतला बिघाड उन्हात कसा सापडणार?

आम्ही निफाड तालुक्यातले. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच-सहा अंशांवर आला की पेपरात बातमी येते, द्राक्षबागांतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. त्याच पहाटे फर्स्ट शिफ्टची बस पकडायला हायवेला पोचायचं असतं. बस गेली की अर्ध्या दिवसाचा पगार गेला, सुपरवायझरची बोलणी वेगळी. आणि गाडी नुसती टक-टक-टक करत उभी!

बरं, यात न कळण्यासारखं काय आहे? थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिनातलं तेल घट्ट होतं, म्हणजे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच जोर कमी असतो. पेट्रोलची वाफही गार इंजिनात नीट होत नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, त्याची वाफ व्हायला आणखी उष्णता लागते. एवढं माहीत असताना तपासायचं काय, तर बॅटरी. तीही लोड देऊन. यांनी मीटर लावला, १२.५ व्होल्ट दिसले, झालं, बॅटरी चांगली! सेल्फ दाबलेला असताना बघा ना किती राहतात ते. दहाच्या बरंच खाली गेले तर बॅटरी तरी संपलीय किंवा टर्मिनल, अर्थिंग गंजलंय. दोन मिनिटांचं काम आहे. ते करायचं नाही, आणि पुढच्या खेपेला सरळ म्हणायचं, 'नवीन बॅटरी टाकून बघू.' पैसे कुणाचे? माझे!

तेलाचं तर विचारूच नका. गाडीच्या पुस्तकात १०डब्ल्यू-३०, म्हणजे पातळ तेल, छापलंय. यांनी ड्रममधलं २०डब्ल्यू-५० ओतलं. का? 'सगळ्या गाड्यांना तेच टाकतो.' गारठ्यात ते जाड तेल त्या एवढ्याशा सेल्फ मोटरने ढकलायचं, आणि नाही ढकललं गेलं की दोष गाडीचा.

पण माझा खरा राग आहे तो किक काढून टाकणाऱ्यांवर. दीडशे-एकशेसाठ सीसीच्या कितीतरी गाड्यांना आता किकच नाही. कमजोर बॅटरीतही टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, चालवण्याइतका करंट बऱ्याचदा असतो. सगळा करंट ओढून घेतो तो सेल्फ. बटण दाबलं की व्होल्टेज धाडकन खाली, हँडलवरचा मीटर रिसेट, पंप गप्प. किक असती तर सेल्फला हातच लावला नसता, पायाच्या जोरावर गाडी चालू झाली असती. एका लोखंडी दांड्याचे आणि दोन गिअरचे पैसे वाचवले आणि आम्हाला पहाटे अंधारात रस्त्यावर उभं केलं. २०२० साली बीएस-सिक्स, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले तेव्हा किमती वाढवताना मात्र हात आखडला नाही!

त्यात गल्लीतले सल्लागार. 'चोक ओढ.' अहो काका, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला चोक नसतो. 'सेकंडला टाकून धक्का मार.' बॅटरी पूर्ण बसली असेल तर पंपच चालत नाही, मग इंजेक्टर काय शिंपडणार, हवा? एकाने तर इंजिनखाली कागद पेटवायला सांगितलं. पेट्रोलच्या टाकीखाली जाळ! असले उपाय कुणाला सांगू नका, जीव जाईल.

घरापासून हायवे जेमतेम तीन किलोमीटर. सेल्फने जेवढं ओढलं तेवढं त्या अंतरात परत भरत नाही, आणि २०१७ पासून हेडलाइट बंद करायचं बटणही नाही. सुरक्षेसाठी आहे, मान्य. पण मग बॅटरी तरी त्या हिशेबाने मोठी द्या. गाडी विकताना मायलेज सांगता, ॲपवर गाडी कुठं उभी आहे ते दाखवता. आम्हाला ती उभी कुठं आहे ते माहीत आहे हो, दारातच उभी आहे, हलतच नाही!

या वेळी गाडी संध्याकाळीच नेऊन लावणार आणि सकाळी शटर उघडायच्या आधी तिथं हजर राहणार. मेकॅनिकने माझ्यासमोर गार इंजिनावर सेल्फ मारायचा, मीटर लावून व्होल्ट दाखवायचे, तेलाचा डबा माझ्यासमोर फोडायचा. त्याशिवाय जॉब कार्डवर सही करणार नाही आणि बिलाचा एक रुपया देणार नाही.