भागीदारांच्या पगारावर टीडीएस : खुलासा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरी, शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांमध्ये सध्या टीडीएसबद्दल, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायच्या आयकराबद्दल, एक मेसेज फिरतोय : ‘भागीदार म्हणजे नोकर नव्हे, म्हणून फर्मने त्याच्या पगारावर टीडीएस कापायचा नसतो.’ ३१ मार्च २०२५ पर्यंत हे बरोबर होतं. १ एप्रिल २०२५ पासून नाही.

१९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १९४-टी नुसार एका भागीदाराला वर्षभरात पगार, बोनस, कमिशन आणि व्याज मिळून २०,००० रुपयांपेक्षा जास्त दिले, तर १० टक्के कपात करावी लागते. नफ्यातला वाटा आणि स्वतःच्या भांडवलातली उचल यात येत नाही.

खरी चूक होते ती वर्षअखेरीला. हातात पैसा दिलेला नसतो, फक्त ३१ मार्चच्या तारखेने भांडवल खात्यावर पगार-व्याज जमा केलेलं असतं. तीही रक्कम ‘दिलेली’च धरली जाते! म्हणून रिटर्न भरण्याआधी भागीदारांची खाती, फर्मचा टीडीएस आणि प्रत्येकाचा २६ एएस (नावावर जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडचा तपशील) शेजारी ठेवून आकडे जुळवाच. कपात राहिली तर फर्मचा कर काढताना त्या खर्चाचा ३० टक्के भाग नामंजूर होऊ शकतो, वर व्याज भरावं लागतं.

फर्मकडे टॅन (कर कापणाऱ्याला लागणारा नंबर) नसेल तर आधी तो काढा. आणि तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.