शॉक लागलेल्या माणसाला मातीत पुरू नका

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात माझे मामा जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणारे, आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी मला एक फोटो पाठवला. मेन स्विचच्या पेटीशेजारी, सुताच्या धुळीने मळलेल्या भिंतीवर, चिकटपट्टीने लावलेला एक छापील कागद त्यात दिसत होता. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशाची प्रिंट काढून मामांनीच भल्या हेतूने ती तिथे लावली होती. संदेशाचे म्हणणे असे: शॉक लागलेल्या माणसाला लगेच गळ्यापर्यंत मातीत पुरावे, म्हणजे माती अंगातील करंट ओढून घेते, तोपर्यंत त्याला कोणी हात लावू नये, 230 व्होल्टचा सिंगल फेज माणसाला नुसता फेकून देतो, जीव घेतो तो थ्री फेज, पायात रबरी चप्पल असली की धोका नाही, आणि मागात बोट तुटले तर ते थेट बर्फात टाकावे.

यांतील मातीचा सल्ला जीवघेणा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. माणसाचे शरीर म्हणजे बॅटरी नव्हे. वीज त्याच्यातून वाहते आणि तारेचा संपर्क तुटला की त्याच क्षणी वाहणे थांबते. अंगात मागे काहीच उरत नाही, मग माती ओढून घेणार काय? मागे उरते ती इजा. हृदयातून प्रवाह गेला तर त्याची लय बिघडते, ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहते आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. मेंदूला रक्त मिळाले नाही तर चार-पाच मिनिटांत त्याची हानी सुरू होते. आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत माणूस मावेल एवढा खड्डा खणायला किती वेळ लागतो, हे ज्याने कधी कुदळ हाती घेतली आहे त्याला सांगावे लागणार नाही. त्यातही ज्या छातीवर दाब द्यायचा, तीच मातीखाली जाते. श्वास चालू असला तरी मातीच्या भाराने तो कोंडतो आणि भाजलेल्या जखमांत माती शिरते ती वेगळीच. पुरल्यावर कोणी शुद्धीवर आल्याची उदाहरणे सांगितली जातात, परंतु अशा माणसाचे हृदय बंद पडलेलेच नव्हते. तो खाटेवर निजवला असता तरी उठला असता.

माती वीज ओढते या समजुतीला अर्थिंगचा आधार घेतला जातो. अर्थिंगने मागाच्या सांगाड्यात उतरलेल्या विजेला जमिनीची वाट मिळते, एवढे खरे आहे. पण त्याच न्यायाने, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या कामगाराचा हात उघड्या तारेला लागला की वीज त्याच्या अंगातून जमिनीकडे धावते. जमिनीशी जुळलेले अंग हेच तर शॉक लागण्याचे कारण असते.

हात लावू नये, हे अर्धे खरे आहे आणि ते मी मान्य करतो. माणूस तारेला चिकटलेला असेपर्यंत त्याला हात लावणारा दुसराही जातो. म्हणून आधी मेन स्विच पाडावा आणि ते शक्यच नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून सोडवावे. हे फक्त कारखान्यातील कमी दाबाच्या विजेपुरते (लो टेन्शन) आहे. उच्च दाबाच्या (हाय टेन्शन) तारेच्या जवळ, पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जाऊच नये. माणूस सुटल्यावर मात्र त्याला हात लावायलाच हवा. तो हलत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल तर एकाने 108 ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवून, दुसरा हात त्यावर घेऊन, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या गतीने दाब द्यायला सुरुवात करावी आणि मदत येईपर्यंत थांबू नये.

230 व्होल्टला क्षुल्लक समजणे तितकेच घातक आहे. मे महिन्यात शेडमध्ये बनियन घामाने चिंब असते. कातडी अशी ओली असताना शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो, म्हणजे सुमारे 230 मिलिअँपिअर प्रवाह वाहील. हृदयाची लय बिघडायला 100 मिलिअँपिअरसुद्धा पुरे होतात. सिंगल फेज फेकून देतो, हेही खरे नाही. दहा-पंधरा मिलिअँपिअरच्या पुढे हाताची मूठ आवळली जाते आणि तार सोडता येत नाही.

चप्पल कोरडी आणि अखंड असेल तर काही उपयोग होतो. झिजलेल्या, घामट चपलेचा भरवसा धरू नये, आणि एक हात तारेला व दुसरा मागाच्या लोखंडाला असेल तर चपलेचा प्रश्नच उरत नाही. तुटलेले बोट थेट बर्फात टाकल्यास त्याच्या पेशी गोठून मरतात. ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून, पिशवीत घट्ट बंद करून, ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि जखमीबरोबरच रुग्णालयात न्यावी.

मला सर्वांत जास्त खटकली ती कागदाची जागा. कारखाने अधिनियम, 1948 खाली येणाऱ्या आणि वीज वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्यात, शॉक लागलेल्या माणसाला शुद्धीवर आणण्याच्या सूचनांचा तक्ता जिल्ह्याच्या स्थानिक भाषेतही ठळक ठिकाणी लावणे मालकावर बंधनकारक आहे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या सुरक्षा विनियमांतच लिहिलेले होते. संबंधित कर्मचाऱ्यांना त्या सूचना अमलात आणता आल्या पाहिजेत, हेही त्यांत होते. मामांच्या शेडमध्ये तो तक्ता नाही. त्याच्या जागी मातीत पुरा म्हणणारा कागद आहे.

मामांना मी फोनवर सांगितले की, तो कागद आजच काढा आणि मालकांकडे तक्त्याची मागणी करा. मराठी तक्ता लागेलच, पण तुमच्याकडचे निम्मे कामगार तेलुगू वाचणारे आहेत, तेव्हा तेलुगू प्रतही शेजारी लावा. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांची माणसे एकत्र असतात, त्या वेळी मी येतो आणि घट्ट बांधलेल्या टॉवेलच्या गठ्ठ्यावर दाब कसा द्यायचा ते प्रत्येकाकडून करून घेतो.