पासवर्ड मॅनेजर काढून टाकायला सांगणारा तो निरोप

मी स्वतः शेजारी बसून काकांच्या फोनवर बसवून दिलेला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारे ॲप, त्यांनी गेल्या रविवारी काढून टाकला आणि कारण विचारल्यावर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक निरोप माझ्यापुढे धरला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सगळे पासवर्ड एका ठिकाणी ठेवणे म्हणजे चोराला चाव्यांचा जुडगा देणे, कंपनीची माणसे ते वाचतात, त्यापेक्षा एकच अवघड पासवर्ड पाठ करा, प्रत्येक ठिकाणी त्याला संकेतस्थळाचे नाव जोडा, दर महिन्याला बदला आणि डायरीत लिहून ठेवा. पाठ केल्यावर लिहायचे कशाला, हे विचारण्याची सोय अशा निरोपांत नसते.

संकेतस्थळाचे नाव जोडण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे आणि काकांनी नेमका तोच अमलात आणला होता. डायरीच्या शेवटच्या पानावर निळ्या शाईत ओळीने लिहिलेले होते: मोरया१९५८जीमेल, मोरया१९५८रेल्वे, मोरया१९५८बँक. (खरा शब्द अर्थातच वेगळा आहे.) यातल्या पहिल्या दोन ओळी पाचवीतल्या मुलाला दाखवल्या तरी तो तिसरी सांगेल. चोर बँकेचे संकेतस्थळ फोडत बसत नाही. एखाद्या ढिसाळ दुकानाच्या संकेतस्थळावरून फुटलेली ईमेल आणि पासवर्डची यादी घेऊन त्याच जोड्या तो यंत्राकरवी इतर शेकडो ठिकाणी लावून पाहतो. एकच पासवर्ड दोन ठिकाणी वापरण्याची चूक जाणकारांनाही भोवते. ऑनलाइन फाइली साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्स या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचाच पासवर्ड कामाच्या खात्यालाही ठेवला होता आणि २०१२ साली त्या वाटेने चोर आत शिरले. सुमारे ६ कोटी ८० लाख खात्यांचे ईमेल पत्ते आणि हॅश केलेले (म्हणजे मूळ शब्द सहज ओळखता येऊ नये असे बदललेले) पासवर्ड बाहेर गेल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. प्रत्येक खात्याला वेगळा, कोणालाही न सुचणारा पासवर्ड हवा आणि तसे पन्नास पासवर्ड माणसाच्या डोक्यात राहत नाहीत, एवढ्यासाठीच तर हे सॉफ्टवेअर आहे.

चाव्यांच्या जुडग्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर पुरवणाऱ्या कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या, म्हणजे पासवर्ड साठवलेल्या फाइलींच्या, प्रती खरोखरच चोरीला गेल्या आणि त्यांत संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते. पासवर्ड मात्र कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारे, होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड (तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड) कच्चा होता, खरा धोका त्यांना होता. तिजोरी वापरकर्त्याच्या फोनवरच कुलूपबंद होते आणि किल्ली कंपनीकडे जात नाही, अशीच चांगल्या मॅनेजरांची रचना असते, त्यामुळे कंपनीची माणसे वाचतात हा आरोप त्यांना लागू पडत नाही. त्याच कारणाने मास्टर पासवर्ड विसरल्यास कंपनीही सहसा तो परत देऊ शकत नाही. कंपनीवर भरवसाच नसेल, तर २००३ पासून उपलब्ध असलेला कीपास हा मॅनेजर मोफत आहे, त्याचा सोर्स कोड (मूळ प्रोग्राम) कोणालाही तपासता येतो आणि त्याची फाइल आपल्याच संगणकावर राहते.

दर महिन्याला पासवर्ड बदलण्याबद्दल फार लिहायला नको. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या ‘एसपी ८००-६३बी’ या मार्गदर्शिकेत म्हटले आहे की पासवर्ड फुटल्याचा पुरावा नसताना तो ठरावीक मुदतीने बदलायला लावू नये, आणि लोकांना पासवर्ड मॅनेजर वापरणे सोपे जावे म्हणून पासवर्डच्या रकान्यात पेस्ट करू द्यावे. आपल्याकडच्या काही बँकांच्या संकेतस्थळांवर अजूनही पेस्ट चालत नाही, हा दोष त्या संकेतस्थळांचा आहे.

घरच्या कपाटातली डायरी मला तितकीशी वाईट वाटत नाही, कारण परदेशातला चोर कपाटापर्यंत पोहोचत नाही. मात्र ‘केवायसी आज संपणार’ अशा संदेशातल्या दुव्यावरून हुबेहूब बँकेसारखे पान उघडले, तर डायरी पाहून काका पासवर्ड भरून मोकळे होतील. मॅनेजर मात्र जतन केलेला पत्ता जुळत नसल्यामुळे रकाना आपणहून भरणार नाही आणि निदान तेवढ्याने तरी त्यांचा हात थबकेल.

मॅनेजर आता पुन्हा काकांच्या फोनवर आहे आणि त्याचा लांबलचक मास्टर पासवर्ड कागदावर लिहून, घराच्या कागदपत्रांच्या पाकिटात, लोखंडी कपाटात ठेवला आहे. डायरीतले ते पान अजून फाडलेले नाही, कारण सतरापैकी अकराच पासवर्ड बदलून झाले आहेत. सुरुवात ईमेलपासून केली, कारण बाकीच्या बहुतेक खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.