मॅनेजरचं ‘डन’ आलं म्हणजे सुपारी पक्की?

दसरा जवळ आला की ठाण्यातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘उद्घाटनाला कलाकार आणताय? कागदाच्या भानगडीत पडू नका. मॅनेजरचं ‘डन’ आलं की सुपारी पक्की. कलाकार आला नाही तर कायद्याने ॲडव्हान्स दुप्पट परत. एकदा फीत कापली की फोटो तुमचे, कायमचे. पैसे रोख द्या, टॅक्सची कटकट नको.’ मालिकांतल्या कलाकारांच्या सुपाऱ्या, म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रमाला यायचे सौदे, ठरवणं हाच माझा बारा वर्षांचा धंदा. यंदा हा मेसेज मला सख्ख्या मेव्हण्याने पाठवला, तेव्हा म्हटलं लिहूनच टाकू.

‘डन’चं अर्धं खरं आहे. 1872 च्या करार कायद्यात करार लेखीच हवा असं नाही. तोंडी चालतो, व्हॉट्सॲपवरचाही चालतो. प्रश्न असा की ‘डन’ नेमकं कशाला? गोखले रोडवरच्या एका साडीच्या दुकानाचं ‘शनिवार संध्याकाळ, डन’ एवढंच ठरलं होतं. शेठनी संध्याकाळ म्हणजे सहा धरले, ढोलताशे लावले. फीत कापणाऱ्या कलाकार ताई घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात अडकल्या, साडेआठला पोचल्या, फीत कापली, चार सेल्फी दिल्या आणि अकराव्या मिनिटाला गाडीत. शेठ म्हणाले फसवलं. मॅनेजर म्हणाला, संध्याकाळच होती ना? खोटं दोघंही बोलत नव्हते. तेव्हापासून मी लिहून घेतो: दुकानाच्या दारात किती वाजता, थांबणार किती मिनिटं, रील किती, सोबत माणसं किती, गाडी कोणाची.

आणि ‘डन’ म्हणणारा कोण, हेही बघा. एकेका कलाकाराच्या नावावर तीन-तीन को-ऑर्डिनेटर, म्हणजे सुपारी ठरवून देणारे मध्यस्थ, फिरत असतात. कलाकाराने त्याला अधिकारच दिलेला नसेल, तर त्याच्या शब्दाने कलाकार बांधला जात नाही. मग भरपाईसाठी त्या को-ऑर्डिनेटरच्या मागे धावायचं, आणि तोवर त्याचा नंबर बदललेला असतो.

ॲडव्हान्स दुप्पट परत? असा कायदा नाही. जमिनीच्या इसारपावतीत कुणी तरी तसं लिहिलेलं पाहिलं असावं. करारात दंडाची रक्कम लिहिली असली तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा. कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई देतं. लिहिलीच नसेल तर झालेलं नुकसान तुम्ही सिद्ध करायचं, मांडववाल्याच्या आणि बॅनरवाल्याच्या बिलांसकट. कोर्टाकडून कलाकाराला आणवून फीत कापून घ्यावी म्हणाल, तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये तेही बसत नाही, कारण ते काम त्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाकडून होण्यासारखं नसतं. म्हणून शूटिंग लांबलं तर नवी तारीख की पैसे परत, आणि परत किती दिवसांत, हे आधीच ठरवायचं.

सगळ्यात महाग पडतो तो फोटोचा मुद्दा. तुम्ही पैसे देऊन फोटोग्राफर लावलात, तर वेगळं ठरलं नसल्यास फोटोचा कॉपीराइट तुमचा. चेहरा मात्र तुमचा होत नाही. अमिताभ आणि जया बच्चन यांचा तनिष्कच्या जाहिरातीतला फोटो दुसऱ्या एका सराफाने होर्डिंगवर लावला, तेव्हा 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो रोखला. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये अरिजित सिंगचं नाव, आवाज आणि चेहरा यांच्या परस्पर वापराला मनाई केली. वाशीतल्या एका सराफाने उद्घाटनाचाच फोटो वर्षभराने ‘माझी पसंती’ असं छापून चौकात लावला, आणि नोटीस आली. उद्घाटनाची आठवण म्हणून फोटो पोस्ट करणं वेगळं, जाहिरातीत चेहरा वापरणं वेगळं, आणि दोन्हीचा दरही वेगळा. कुठे, किती महिने, हे लिहा.

रोखीचं थोडक्यात. एका कार्यक्रमाचे 2 लाख किंवा जास्त रोख घेतले तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. तुमच्या बाजूने, एका दिवसात एकाला 10 हजारांवर रोख दिलेत तर तो खर्च आयकराच्या हिशेबात धरला जात नाही. आदल्या वर्षीची उलाढाल 1 कोटीवर असेल आणि मानधन वर्षाला 50 हजारांवर, तर 10 टक्के टीडीएसही, म्हणजे मानधन देतानाच त्यातला आयकर, कापायचा.

माझा करार दीड पानांचा असतो, ऑक्टोबर 2024 पासून पाचशेच्या स्टॅम्पवर. त्यात एक ओळ कायम असते: ‘घोडबंदर रोडवरची वाहतूक ही उशिराची सबब धरली जाणार नाही.’ मॅनेजर लोक पैशांवर भांडत नाहीत एवढे त्या ओळीवर भांडतात.