हिटलर नोटांच्या ढिगातून आला नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: जर्मनीने भरमसाट नोटा छापल्या, पाव आणायला ढकलगाडीभर नोटा लागू लागल्या, वैतागलेल्या बेकारांनी हिटलरला डोक्यावर घेतलं. सोबत नोटांच्या थप्प्या रचून खेळणाऱ्या मुलांचा फोटो. फोटो खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

आधी तारखा बघा. ती महागाई १९२३ची. नोव्हेंबरात एका डॉलरला सुमारे ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. त्याच महिन्यात रेंटेनमार्क हे नवं चलन आलं आणि भाव आवरले. हिटलरचं म्युनिकमधलं बंडही त्याच महिन्यातलं, आणि ते फसलं. पुढे मे १९२८च्या निवडणुकीत नाझींना मतं पडली २.६ टक्के.

मग १९३०मध्ये १८.३ आणि जुलै १९३२मध्ये ३७.३ टक्के कशी झाली? मधल्या काळात जागतिक मंदी आली होती. १९२४नंतरची जर्मनीची उभारी अमेरिकी कर्जावर होती, त्यातलं बरंचसं अल्पमुदतीचं. न्यूयॉर्कचा बाजार कोसळल्यावर हा पैसा आटत गेला. मे १९३१मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआन्स्टाल्ट बँक अडचणीत आली, १३ जुलैला बर्लिनच्या डानाट बँकेने दारं लावली आणि पुढचे दोन दिवस सरकारने देशभरच्या बँका बंद ठेवल्या. १९३२च्या सुरुवातीला नोंदणी झालेले बेकारच ६० लाखांवर गेले.

या काळात सरकार नोटा छापत होतं? अजिबात नाही. चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, ब्रुनिंग राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांनी खर्च कापत होते, कर वाढवत होते. डिसेंबर १९३१च्या वटहुकमाने पगार जानेवारी १९२७च्या पातळीवर आणले. बेकारी विमा मूळ कायद्यात २६ आठवडे मिळे. जून १९३२मध्ये ब्रुनिंगनंतर आलेल्या चान्सलर पापेन यांच्या सरकारने हक्काचे आठवडे सहावर आणले, त्यापुढे गरज सिद्ध करायची. भाव चढत नव्हते, पडत होते. १९२३ची धास्ती या धोरणामागे होती, एवढं मान्य. पण फिरणारा मजकूर या कपातीचं नावही घेत नाही, आणि संकटात सरकारने हात आखडलाच पाहिजे असा धडा त्यातून दिला जातो. मला याचाच राग येतो.

‘बेकारांनी निवडलं’ हेही अर्धवट. बेकार कामगार मोठ्या संख्येने कम्युनिस्टांकडे वळले. नाझींचा जोर प्रॉटेस्टंट खेड्यांत, उत्तरेतल्या श्लेस्विग-होल्स्टाइनसारख्या भागातल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांत आणि छोट्या दुकानदारांत होता.

आणि डोक्यावर कोणी घेतलं? नोव्हेंबर १९३२मध्ये नाझींची सुमारे २० लाख मतं घटली, प्रमाण ३३.१ टक्क्यांवर आलं. खुल्या निवडणुकीत त्यांना बहुमत कधीच मिळालं नाही. ३० जानेवारी १९३३ला हिटलरला चान्सलर नेमलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी. त्यांचं मन वळवण्यात माजी चान्सलर पापेन पुढे होते. मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच, तेव्हा याला आपण मुठीत ठेवू, असा पापेन यांचा हिशेब होता.